मुंगीएवढी ओळ

बाथरूमची कडी लावून पेन्सिल आपल्या बेस गिटारचं डोकं घासत होती. आधी नेलपॉलिश काढायचं पाणी, मग कापसाचे बोळे, मग टूथपेस्ट. आईने बाहेरून दोनदा विचारलं, एवढा वेळ काय चाललंय. केस धुतेय, असं तिने सांगितलं आणि पुराव्यादाखल बादलीत नळ सोडला.

पेन्सिल हे तिचं शाळेच्या बँडमधलं नाव. बेस गळ्यात अडकवली की त्या गिटारमागे ती पेन्सिलीएवढीच उरायची.

गिटारच्या डोक्यावर, तारा पिळायच्या चाव्यांच्या मधोमध, कंपनीचं मोठं सोनेरी नाव होतं. त्याला ती हात लावत नव्हती. तिला नको होती ती खालची मुंगीएवढी ओळ: ‘मूळ कंपनीच्या परवान्याने, शिकणाऱ्यांसाठी.’

गिटार विकताना तारकाकांनी याच ओळीवर कौतुकाने बोट ठेवलं होतं. चौकातलं त्यांचं दुकान जेमतेम दोन खाटांएवढं, पण बाहेर कंपनीची अधिकृत विक्रेत्याची पाटी. घडण अस्सल बेसचीच आहे, ते म्हणाले होते, फक्त लाकूड हलकं आणि चाव्या साध्या. पहिली दोन वर्षं बोटांना फरक कळतसुद्धा नाही. मग चष्मा कपाळावर चढवून, तिच्या आखूड बोटांना झेपाव्यात म्हणून त्यांनी एकेक तार खाली आणून दिली होती. ती घरी जवळजवळ उड्या मारत आली होती.

घोळ केला बँडमधल्या लंबूने. लंबूची गिटार अस्सल, आणि ते तो दिवसातून चारदा तरी सांगायचा. त्याने वाकून ती ओळ सगळ्या बँडला मोठ्याने वाचून दाखवली.

“शिकणाऱ्यांसाठी? मग छोट्यांच्या सायकलला असतात तशी बाजूची दोन चाकं कुठायत हिची?”

सगळे हसले. पेन्सिल सगळ्यात मोठ्याने हसली आणि घरी येऊन जेवली नाही.

म्हणून हे बाथरूम. ओळ गेली, जागा गुळगुळीत झाली. दोन दिवसांनी तीच गिटार घेऊन ती शाळेत गेली आणि मामाने अस्सल पाठवली, आधीची देऊन टाकली, असं तिने सांगून टाकलं. मामाला बेस आणि व्हायोलिन यातला फरक माहीत नव्हता. लंबूने डोळे मिटून दोन सूर ऐकले आणि मान डोलावली.

“आवाजातच कळतं बघ.”

हे ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता. तिने गिटार घाईघाईने खोळीत घातली.

पूर्वी दर शनिवारी ती तारा लावून घ्यायला तारकाकांकडे जायची. आता ते ओळ शोधतील या भीतीने समोरच्या फुटपाथवरून जायला लागली. एकदा त्यांनी गल्ल्यावरूनच फडकं हलवून हाक मारली. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसली. पायात चपला होत्या.

मग स्पर्धा आली, त्याच कंपनीने भरवलेली. स्टेजवर जायच्या आधी कंपनीचा एक माणूस सगळ्यांची वाद्यं तपासत होता. पिकलेले केस, हळू आवाज. पेन्सिलची बेस त्याने उलटीसुलटी केली, डोक्यावरून अंगठा फिरवला.

“ही अस्सल नाही,” तो फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला.

दोन पावलांवर लंबू तारा लावत होता. मामाचं नाव जिभेवर आलं होतं, पण तिला त्या मामाचा अगदी कंटाळा आला होता.

“नाही,” ती खणखणीत बोलली. “शिकणाऱ्यांसाठीची आहे. आमच्या चौकातल्या तारकाकांच्या दुकानातली.”

लंबूचा हात थांबला. तिचे कान तापले, पण छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

त्या माणसाचा अंगठा अजून त्या गुळगुळीत जागेवर होता. “घेतली तेव्हा अशीच होती?”

बाकी सगळं सांगून झालं होतं. पण बाथरूम, कापूस, टूथपेस्ट, हे सगळ्यांसमोर कसं सांगणार?

“अशीच होती.”

त्याने वहीत काहीतरी लिहिलं, दुकानाचा पत्ता विचारला, मग हसला. “तुझी काही चूक नाही, बाळा. जा, मस्त वाजव.”

आणि तिने वाजवली. अशी वाजवली की पहिल्या रांगेतल्या बाई पायाने ठेका धरायला लागल्या. बँडचा दुसरा नंबर आला. परतताना बसमध्ये लंबूने तिला स्वतःहून खिडकीची जागा दिली, आणि शिकाऊ लोकांपासून आता जपून राहावं लागणार, असं म्हणाला. पहिल्यांदाच त्याची चेष्टा टोचली नाही. येत्या शनिवारी ताठ मानेने तारकाकांकडे जायचं आणि बक्षीस दाखवायचं, असं तिने ठरवलं. चाचणी परीक्षेच्या गडबडीत तो शनिवार गेला, पुढचाही गेला.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी बेल वाजली. आईने दार उघडलं. दारात तारकाका होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात लांबट काळी पेटी. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

कंपनीची माणसं येऊन गेली, ते आईला म्हणाले. पाटी उतरवून नेली, परवाना काढून घेतला. त्यांच्या दुकानातून नकली बेस विकली गेली होती. बनावट मालावर नुसतं मोठं नाव असतं, खाली परवान्याची ओळ नसते, आणि ती तशी निघाली. कुठल्या खोक्यातून आली ते त्यांना अजून कळत नव्हतं. तीस वर्षं प्रत्येक नग स्वतः बघून दिला; आता नजर गेली असणार.

आई काही बोलायच्या आत त्यांनी पेटी पेन्सिलच्या पायाशी ठेवून उघडली. आत एक जुनी बेस होती, वाजवणाऱ्याच्या हाताने कडेचा रंग उडालेली. मग आपल्या नातीच्या वयाच्या त्या मुलीसमोर त्यांनी हात जोडले.

“ही माझी स्वतःची, पोरी, अस्सल आहे. मी तुला फसवलं. ही घे, आणि जमलं तर मला माफ कर.”