वास नसलेलं पाणी

काजूच्या पानांच्या काढ्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करून समरीन दोन वर्षं रंगाचं सांडपाणी स्वच्छ करू पाहत होती. मिरजोळ्याच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर स्वतःच, कारखान्याच्या सांडपाण्याच्या नाल्यातलं पाणी म्हणून, एक कॅन घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत आला. काढा घातल्यावर दहा मिनिटांत लाल पाणी नितळ झालं. “मॅडम, आमच्या नाल्याने विहिरी नासल्या म्हणून विहिरीवाले बोंब मारतायत. पाणी स्वच्छ होतं, असा त्यांना दाखवायला तेवढा दाखला द्या.” समरीनने कॅन हुंगला. नाल्यापाशी नाक धरावं लागतं, याला वासच नाही? “नमुना मीच भरून आणते.” “कशाला? तुमचाच शोध यशस्वी ठरतोय ना!” ती सरळ नाल्याकडे जायला रिक्षात बसली. नाल्यातून भरलेल्या बाटलीत काढा ओतून संध्याकाळपर्यंत बघत राहिली. पाणी लालच. संशय खरा ठरला, कॅनमधलं पाणी नाल्याचं नव्हतंच; पण आपला उपायही फसला म्हणून डोळे भरून आले. मग तिने दाखला लिहून विहिरीवाल्यांच्याच हातात दिला: ‘या पाण्यावर माझा उपाय चालत नाही.’