रिकाम्या सीटचा पट्टा

एकटीनं विमान उडवायचे तास पुरे झाल्याशिवाय तिला लायसन्स मिळणार नव्हतं. शेवटच्या फेरीआधी तिच्या शिक्षकानं, म्हणजे सख्ख्या मामानं, शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधला. सुटा राहिला तर तो सुकाणूच्या दांड्यात अडकतो.

"आज माझं ओझं नाही. विमान उधळेल हं, भाचीबाई!"

"तुझी बडबड नाही, हेच पुष्कळ आहे, मामा."

विमान उधळलं नाही. मामा शेजारी असल्यासारखंच जड जड वर चढलं.

उतरायला वळताना शेजारचा पट्टा करकरला. एखाद्या छातीवर ताणावा तसा तो फुगला होता. मग शेजारचा दांडा पुढे गेला आणि त्याला जोडलेला तिचाही. विमानाचं नाक खाली झुकलं. तिनं जीव खाऊन मागे ओढलं, तसा दांडा हिसडून तिच्या मनगटावर आपटला, पुन्हा आपटला. कातडी सोलली. बोटं रक्तानं निसरडी झाली. जमीन अंगावर येत होती.

"मामा, दांडा कुणीतरी ढकलतंय!" ती रेडिओवर किंचाळली.

"सोडू नकोस! मी खाली उभा आहे, तुला बघतोय!"

तेवढ्यात शेजारून, मामाच्याच आवाजात, कुणीतरी शांतपणे म्हणालं, "सोड. विमान माझ्याकडे."

हे शब्द कानावर आले की हात काढायचे, ही पहिल्या धड्यापासूनची सवय. तिचे हात सुटले.