शंभरात दोन

पुराचा धोका शंभरात एकावर उतरल्याशिवाय गावाभोवतीची उंच पोलादी भिंत खाली जात नसे. मागच्या पुरात धाकटी बहीण वाहून गेल्यावर हेमांगीनेच भिंत चालवणाऱ्या यंत्राला हा नियम घालून दिला होता. आज लख्ख ऊन पडलं होतं, नदीला गुडघाभर पाणी होतं, आणि भिंतीपलीकडच्या दवाखान्यात तिचे अण्णा शेवटच्या घटका मोजत होते.

"धोका किती आहे?" तिने यंत्राला विचारलं.

"शंभरात दोन. वरचं धरण भरलेलं आहे."

"मी सांगतेय, भिंत उतरव."

"तुम्ही सांगितलं तरी उतरवायची नाही, असं तुम्हीच सांगून ठेवलंय."

फोनवर अण्णांचा आवाज खोल गेला होता. "निघालीस का गं?"

"निघाले, अण्णा," भिंतीला कपाळ टेकवून ती म्हणाली.