सहावी खुर्ची

दिवाळीच्या सुट्टीत घर भरायचं, म्हणून सुताराने ऐन उमेदीत स्वतःच्या हाताने सहा जणांचं टेबल केलं होतं. यंदाही रविवारी लेक, जावई, मुलगा आणि नात जेवायला येणार होते. सुताराने आठवडाभर आधीच टेबल पुसून खुर्च्या लावल्या. सहावी बसेना.

त्याने टेप लावून पाहिली. माप होतं तेवढंच होतं, सूतभरही फरक नव्हता. तरी एक खुर्ची हातातच उरत होती.

“अहो, पाचच तर लागतात,” बायको कांदा चिरता चिरता म्हणाली.

“सहा गं. मोज बरं.”

तिने बोटांवर मोजलं. “लेक, जावई, मुलगा, नात, मी. झाले की पाच.”

“आणि मी?”

ती कांदा चिरत राहिली.

मग तो रोज खुर्चीच्या कडा रंध्याने तासत बसला. ढलप्यांचा ढीग पडायचा, खुर्ची मात्र तेवढीच राहायची. बायको ढलप्या झाडून न्यायची. शुक्रवारपासून तिने एकाच कपाचा चहा टाकायला सुरुवात केली.

रविवारी सगळे आले, हसतखिदळत टेबलाभोवती बसले. सुतार आपली खुर्ची नातीच्या मागे ओढून बसला.

“आई, ही खुर्ची मधेच काय करतेय?” मुलाने विचारलं.

“पायात येते रे सारखी. माळ्यावर टाकून दे.”

मुलगा उठला. सुताराने त्याला हाक मारली, मग ओरडून हाक मारली. मुलाने खुर्ची एका हाताने सहज उचलली, आणि सुताराचे पाय जमिनीवरून सुटले.