इज्जाचा अरबी शब्द

फोनवर म्बारकचा आवाजी निरोप आला तेव्हा इज्जा आणि तिची सून महजूबा अंगणात बसून तेलासाठी अर्गनच्या बिया दगडाने फोडत होत्या. शेजारची तुदा आपला दगड घेऊन नेहमीसारखी येऊन बसली होती. महजूबाने हात पुसले, फोन उचलला आणि निरोप लावला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. या डोंगरात निरोप असाच ऐकतात. फोन कानाला लावला की त्या घरात काहीतरी शिजतंय असं अख्खी गल्ली समजते.

इज्जाचा मुलगा म्बारक कासाब्लांकातल्या आपल्या दुकानातून बोलत होता. बोलत होता अरबीत.

इज्जाचा दगड वरच थांबला. "परत तेच. काय म्हणतो?"

"खुशाली विचारतात, आई. तुमचे गुडघे कसे आहेत म्हणतात."

"एवढा वेळ? दोनच गुडघे आहेत मला."

तुदा हसली. "अगं, दिवसभर गिऱ्हाइकांशी अरबीच बोलायचं. जिभेला वळण पडतं. उगाच संशय घेऊ नकोस."

हे इज्जाला जास्त खटकलं. तुदा आणि कोणाची बाजू सावरते? एरवी कोणाच्या रश्श्यात मीठ जास्त पडलं तरी तिला त्यात भानगड दिसायची.

आईला पाठवायचे निरोप म्बारक अजूनही घरच्या तशल्हीत बोलीतच पाठवायचा, अगदी शिव्यांसकट. बायकोला पाठवलेले मात्र अलीकडे अरबीत यायला लागले होते. महजूबा डोंगराखालच्या सपाटीवरची, शाळेत गेलेली, तिला अरबी येत होतं. इज्जाला येत नव्हतं. फोन तर मोठ्यानेच वाजत होता, रीत पाळली जात होती, कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. कानाला न लावताही तो कानाला लावलेलाच होता.

शिवाय इज्जाने नीट ऐकलं होतं. आजच्या निरोपात नातीचं, सफियाचं नाव दोनदा आलं. तिचं स्वतःचं एकदाही नाही. आणि म्हणे गुडघे.

तिच्या डोळ्यांपुढे वरच्या आळीतली फाद्मा आली. फाद्माच्या मुलाने बायकोपोरं शहरात नेली. आता त्याचा निरोप आला की ती फोन हातात धरून कोणाच्या तरी घरी जाऊन बसते. रिकाम्या घरात त्याचा आवाज ऐकवत नाही म्हणते. इज्जाला त्या बाईची कीव यायची आणि भीतीही वाटायची. तिला फाद्मा व्हायचं नव्हतं.

"तो फोन आण इकडे," ती म्हणाली.

"कशाला, आई?"

"आण म्हणते ना."

इज्जाला अरबीतला एकच शब्द येत होता. खालच्या दवाखान्यातली नर्स गोळ्यांची पाकिटं पुढ्यात टाकून भराभर अरबीत काहीतरी सांगायची आणि शेवटी विचारायची, कळलं का? त्यावर गावच्या सगळ्या बायका एकच उत्तर द्यायच्या. फहेम्त. कळलं. मग बाहेरच्या कट्ट्यावर बसून एकमेकींना विचारायच्या, पांढरी गोळी सकाळची की रात्रीची? इतकी वर्षं इज्जाने हा शब्द खोटं बोलण्यापुरताच वापरला होता.

लिहिता-वाचता येत नसलं तरी फोनवरचं माइकचं चित्र तिला ठाऊक होतं, गावात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिने त्यावर अंगठा दाबून धरला आणि नर्ससमोर बसायची तशी मान ताठ केली.

"फहेम्त."

अंगठा उचलला. निरोप गेला.

महजूबाच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, तुम्हाला अरबी..."

"तू बिया फोड."

पण कोणीच बिया फोडेना. निरोपाखालच्या खुणा निळ्या झाल्या, म्हणजे त्याने ऐकलं होतं. तरी बराच वेळ काही आलं नाही. मग आला तो लांबलचक. महजूबाने फोनसाठी हात पुढे केला, पण इज्जाने आधीच तो लावला होता. मोठ्याने, रीतीप्रमाणे.

आता म्बारक तशल्हीतमध्ये बोलत होता.

"आई, तुला कोणी शिकवलं गं अरबी? रागावू नकोस. मी स्वतः येऊन सांगणार होतो, शपथ. खोली एकच आहे, आई, तीसुद्धा दुकानाच्या माळ्यावर. सफियाचं इथल्या शाळेत नाव घातलंय. बदाम उतरले की दोघींना घेऊन जाईन. तुला शहरात करमत नाही, तूच म्हणतेस ना? आणि तू एकटी नाही राहणार. तुदामावशी रात्री सोबतीला येईल, शेळ्यांचंही बघेल. तिच्याशी बोलणं झालंय माझं. आई? बोल ना काहीतरी."

तुदा खाली वाकून टरफलांत काहीतरी शोधायला लागली.

"जिभेला वळण पडतं, नाही का गं तुदा?" इज्जा म्हणाली.

महजूबा रडत होती. "मी त्यांना म्हटलं होतं, आईंना आधी सांगा म्हणून."

"अरबीत म्हणालीस ना?"



इज्जाने फोन पुन्हा तोंडाशी धरला. अंगठा चित्रावर दाबला आणि तसाच ठेवला. आधी नुसता अंगणातला वारा त्यात गेला, मग शेळीचं ओरडणं, मग सुनेचं नाक ओढणं. शेवटी तिचा आवाज गेला, एकाच शब्दाचा.

"फहेम्त."