दरबारास अर्ज

जुन्या इंदुरातल्या एका धर्मशाळेत दर रविवारी सकाळी दाजीसाहेब वकील गोरगरिबांचे अर्ज फुकट लिहून देत. शाळेत शिकवणाऱ्या अंबिकाताई नुकत्याच त्यांच्या मदतीला येऊ लागल्या होत्या. गिरणीतून काढलेले मजूर, नवऱ्यानं टाकलेल्या बायका अशी ओसरीभर गर्दी असे. पण दाजीसाहेब सगळ्यांच्या आधी गेंदाबाई नावाच्या म्हातारीला बोलावत.

"वकीलसाब, मेरे भेरू को फांसी से बचा लो," ती हात जोडून म्हणे.

दाजीसाहेब कोरा कागद घेत, होळकर दरबाराच्या नावे दयेचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहीत आणि तिला वाचून दाखवत. अंगठा उमटवून ती शांतपणे घरी जाई. पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

गेंदाबाईच्या शेजारणीकडून खरं काय ते कळल्यावर अंबिकाताईंना राहवेना. म्हातारीची पाठ वळताच त्या म्हणाल्या, "दाजीसाहेब, तिच्या मुलाला फाशी होऊन दहा वर्षं झाली. तेव्हापासून तिला कशाचं भान नाही. आता तर दरबारही उरला नाही, मध्यभारत राज्य झालं. बिचारीला खोट्या आशेवर का झुलवता?"

दाजीसाहेबांनी टाक खाली ठेवला. अर्जावरच्या अंगठ्याच्या ओल्या ठशावर त्यांनी टीपकागद दाबला.



"फाशीच्या आधी तीन दिवस ती माझ्याच दारात बसून होती, अंबिकाताई. तेव्हा मी फुकट अर्ज लिहीत नव्हतो."