बोरीची फांदी

"दोन्ही हात वर करा बरं," देविका म्हणाली.

म्हाताऱ्यानं एकच हात वर केला. दुसऱ्या हातात एक काटेरी फांदी होती, ती त्यानं छातीशी घट्ट धरून ठेवली.

डॉक्टर म्हणून देविकाला पहिली शंका स्ट्रोकचीच आली. नागपूर सोडून ती इंग्लंडमधल्या या गावात आली, त्यानंतरची सगळी वर्षं स्ट्रोकचे पेशंट बघण्यात गेली होती. बोलता येत नाही, एक हात उचलत नाही, मघापासून ओठांतल्या ओठांत पुटपुटणं चाललंय. आणखी काय हवं? तिनं त्याला हसायला सांगितलं. तो हसला. तोंड कुठेही वाकडं झालं नाही. उलट इतकं छान हसला की तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

"देविकाताई, सिक्युरिटीला बोलवू का?" एक्स-रेच्या दारातून तिथला टेक्निशियन शार्दूल कुजबुजला. तिला खाली बोलावून घेणारा तोच. "अपॉइंटमेंट नाहीये, नाव सांगत नाहीत. मी काहीही विचारलं की त्या फांदीशीच बोलतात. आणि प्लांट्स तर अलाउडच नाहीत ना आपल्याकडे!"

देविकानं फांदी नीट पाहिली. पानं ओळखीची वाटली. तिच्या आजोळी कुंपणाला अशीच बोर होती, त्या काट्यांनी देविकाचे कितीतरी फ्रॉक फाडले होते. पण बोरीची फांदी घेऊन एक्स-रे विभागात कोण येतं? आता मात्र तिला विचारल्यावाचून राहवेना.

इतक्यात रिसेप्शनकडून एक मुलगी धावत आली. "सॉरी, डॉक्टर! काकांना काही झालेलं नाही. त्यांना आज बोलायचं नाहीये."

"कुणाशी?"

"जिवंत माणसांशी," मुलगी म्हणाली.

तिचं नाव नोमुसा. काका-पुतणी दक्षिण आफ्रिकेतून आले होते, झुलूंच्या मुलखातून. काकांचे पणजोबा झुलू राजाच्या सैन्यात होते. इंग्रजांनी राजधानी जाळली, राजाला धरून नेलं, राज्याचे तुकडे करून वाटून टाकले. राजाच नाही, तर सैनिकानं करायचं काय? मग एक गोरा खेळवाला गावात उगवला. म्हणाला, विलायतेत भाला फेकून दाखवायचा, नाचून दाखवायचं, आणि पुढच्या पेरणीच्या आत परतीचं तिकीट हातात. घरी बायको होती, तान्हं मूल होतं. पणजोबा बोटीत बसले. इथे लोक तिकीट काढून त्यांना बघायला येत. हिवाळ्यात छाती भरली. खेळवाला पुढच्या गावाला निघून गेला, पणजोबा या इस्पितळात राहिले आणि इथेच गेले.

"तेव्हा पुरुषांचा वॉर्ड इथेच होता." नोमुसानं वेटिंग रूमच्या निळ्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

"आणि ही फांदी?"

"माणूस जिथे गेला, तिथे ती टेकवून त्याला हाक मारायची. मग तो फांदीबरोबर घरी येतो. घर येईपर्यंत काका फक्त त्यांच्याशी बोलणार. दार आलं की दार आलं म्हणून सांगायचं, जिना आला की जिना. नाहीतर ते वाटेत चुकतात." तिचा आवाज खाली आला. "मी परवानगी विचारायला गेले होते, पण काकांना धीर निघाला नाही. आज संध्याकाळचं विमान आहे. ऐंशीला टेकलेत ते. आज झालं नाही, तर पुन्हा येणं व्हायचं नाही."

देविकाला घरचा पितृपक्ष आठवला. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्रीला पान वाढलं जायचं, तेव्हा लहानपणी ती आईला विचारायची, त्यांना आपलं घर सापडतं कसं? आई दरवेळी म्हणायची, जेव मुकाट्यानं. म्हणजे ते आपले आपण येत नव्हते तर. आणायला जावं लागतं.

"ताई, रूल आहे ना पण," शार्दूल म्हणाला.

"रूल वॉर्डात आहे. इथे खुर्च्या आहेत. आणि मला सांग, या हॉस्पिटलात सगळ्यात जास्त वेळ थांबलेला पेशंट कोण?"

शार्दूलनं मशीनच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

म्हातारा खिडकीच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला. फांदी जमिनीला टेकवून तो बराच वेळ बोलत राहिला. रांगेतल्या लोकांनी आपापले फोन खाली ठेवले. तो उठला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते आणि देविकाचेही. मग तो दाराशी थांबून फांदीशी बोलला, जिन्याशी बोलला. आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दाराशी तर त्याला बरंच काही समजावून सांगावं लागलं.

देविकाची ड्यूटी संपली होती. स्टेशनची बस तिचीही तीच. बसच्या दारात तिच्या पुढे उभ्या नोमुसानं ड्रायव्हरला दोघांची रिटर्न तिकिटं दाखवली आणि आणखी एक तिकीट मागितलं.

"कुणाचं?" ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही तर दोघंच आहात."

मागची रांग चुळबुळ करू लागली. नोमुसाचा चेहरा पडला. काकांना तोंड उघडता येत नव्हतं, त्यांनी फांदी नुसती आणखी जवळ घेतली. ड्रायव्हरची नजर देविकाच्या गळ्यातल्या हॉस्पिटलच्या बॅजवर गेली आणि त्याला हायसं वाटलं.

"डॉक्टर, आता तुम्हीच सांगा. हे किती जण आहेत?"

"तीन," देविका म्हणाली. "या दोघांकडे रिटर्न आहे. पणजोबांना सिंगल द्या. ते घरी चाललेत."